पंचवीस

मल्लू जहाजावर भटारी आहे.
सुट्टी संपवून जाताना पेटी ठेवून गेला,
कुठल्याशा बेटावरचे पंचवीस सिगार.
बेळगावात, कॅम्पातल्या कर्नलसाहेबांना द्यायचे,
साहेब लेकीकडं गेलेत, गणपतीशिवाय यायचे नाहीत.
तोवर जपा, म्हणाला.
पासष्ट ते सत्तर टक्के ओल,
उष्णता एकवीसच्या वर नको.

निपाणीत. मे महिन्यात. एकवीस.

आमच्या पत्र्याखाली दुपारी
मिठाच्या बरणीत मीठ पाझरतं,
काडेपेटीतल्या तीन काड्या वाया जातात तेव्हा चौथी पेटते.
वळवाचे ढग येतात, बसतात,
मानपान न झालेल्या व्याह्यासारखे
न पडताच उठून जातात.

मी म्हटलं, शकीलाच्या फ्रिजमध्ये ठेवू.
आक्का म्हणाली, "खुळी का काय?
उघडं पान फ्रिज पिऊन टाकतंय,
वर तिच्या सुकटीचा वास."
मी म्हटलं, मग पेटीत ओली चिंधी?
"हवाच पाणी झालीया. आणि पाणी कशाला?"

आक्कानं एकेचाळीस वर्षं विड्या वळल्या.
टेंभुर्णीचं पान रात्री गोणपाटात,
जास्त ओल धरली तर बुरशी,
कमी पडली तर कात्रीखाली कडकन.
त्याचा आकडा कुणी सांगितला नव्हता तिला.
विडी ओढली नाही कधी.
खोकला मात्र तिचाच.

मल्लूनं एक काटा दिलेला, घड्याळाएवढा.
त्याची परीक्षा त्यानंच शिकवली:
बाटलीच्या झाकणात मीठ, थोडं पाणी, नुसता चिखल होईल इतकं,
काट्यासोबत पिशवीत कोंडायचं रात्रभर.
सकाळी पंच्याहत्तर दाखवला तर खरा.
आमच्यानं एक्क्याऐंशी दाखवला.
"सहा खोटं बोलतोय," मी म्हटलं.
"मुकादमापेक्षा बरा," आक्का म्हणाली,
"ह्यो रोज तेवढंच खोटं बोलंल."

शेवटी जागा तिनंच शोधली.
आतल्या खोलीत, जोंधळ्याच्या पोत्यांमागं,
उन्हाची भिंत सोडून,
जमिनीलगत, विटेवर.
जाड स्टीलचा डबा, त्यात ती लाकडी पेटी,
आठवड्यातून एकदा उघडायची, पहाटे,
बोटानं दाबायची, कानाशी धरायची.

तिसऱ्या पहाटे तिचं बोट थांबलं.
टाचणीच्या टोकाएवढं भोक.
वखारीत बोदाला लागतो तोच किडा,
उकाड्यात जागा होतो.
"आता चालंल शकीलाचा फ्रिज.
दोन पिशव्या, तोंड घट्ट."
चोवीस सिगार चार दिवस बर्फात,
एक दिवस खालच्या कप्प्यात,
मग बाहेर, पण पिशवी लगेच सोडायची नाही.
बाळंतिणीला उठवतात तसं.

पंचविसावा तिनं मांडीवरच्या सुपात उलगडला.
वरचं पान, त्याखालचं पान, आतली भरताड,
भुकटी फुंकून टाकली, किडा नखानं.
चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले,
बोटं उलटी चालत गेली
वळलं होतं त्या वाटेनं.
"डावखुरी हाय," म्हणाली.
कोण?
"हीच की. वळणारी.
घाईत हुती. शेवट बघ कसा दाबलाय.
पोराला पाजायला जायचं असंल."

मग खळ केली, चमचाभर,
आणि पुन्हा वळला.
उजव्या हाताची बाई
डाव्या हातानं.
दुपार गेली त्यात.

मल्लूचा फोन आला, कुठल्या बंदरावरून कोण जाणे,
मागं भोंगे, कुणीतरी ओरडत होतं.
किती आहेत?
पंचवीस, मी म्हटलं.
ओल किती?
मी काट्यातले सहा वजा करत होते,
तेवढ्यात आक्कानं फोन घेतला.
"बोटाला बरी लागतीया," म्हणाली.
"आणि आयक, परत गेलास त्या बेटावर
तर त्या बायांना इचार,
तिकडं हजारी किती पडतीया."