थंड लोखंडाचं माप

देओलिंदाचा उजवा खांदा जानेवारीपासून वर जात नाही.
सहा हात दांड्याचं लाकडी फावडं
आता नातवापेक्षा जड झालंय, म्हणाली,
आणि उचलायला नातू तर लिस्बनला.
"मला भट्टीपर्यंत जायचं नाही, बेल्मीरो.
भट्टीनं माझ्यापर्यंत यावं."

मी गवंडी.
माझ्या बापानं बांधलेल्या भट्ट्या
आलेन्तेझूच्या नऊ गावांत अजून धुमसतात.
एकीचीही फरशी कधी हलली नाही.
हलली असती तर बाप त्या गावात पुन्हा गेला नसता.

पिठाच्या रिकाम्या पोत्यावर कोळशानं आखायला बसलो:
खाली जाळ, वर कमान,
मधे लोखंडी चौकटीत वरखाली होणारे तीन कप्पे,
बाजूला साखळी आणि एक छोटा रहाट,
विहिरीवर असतो तसा,
फक्त पाण्याच्या जागी पाव.
पोतं झटकलं नव्हतं. रेघांत पीठ मिसळत गेलं,
सकाळी कप्पा कुठला, झडप कुठली, मलाच कळेना.
पुन्हा आखलं. पुन्हा पुसलं.
विटेचा मला जन्मात वीट आला नाही,
त्या आठवड्यात कोळशाचा आला.

आच किती हवी, विचारलं.
"आई मूठभर पीठ फेकायची फरशीवर.
'हे आमच्या स्वर्गातल्या बापा'पासून 'आमेन'पर्यंत
तांबूस झालं, तर पाव टाकायचे.
'बापा'लाच काळं पडलं,
तर दार उघडं टाकून
शेजारणीशी भांडून यायचं."
मी हसलो. पण लिहून घेतलं.

धुराड्यात सरकती झडप बसवली, सात खाचांची,
प्रत्येक खाचेवर छिन्नीनं आकडा कोरला.
देओलिंदानं माझ्या आकड्यांना नावं ठेवली,
दोन्ही अर्थांनी:
तिसरी 'गव्हाची', सहावी 'बिस्किटांची',
सातवी, सताड उघडी, 'शेजारीण'.

पहिला जाळ शुक्रवारी, पहाटे तीनला.
ओकची वाळकी लाकडं, वर रानझुडपांच्या मोळ्या.
कमान आधी काळी झाली,
मग स्वतःची काजळी स्वतःच जाळून पांढरी पडली.
ही खूण बापाची. इथवर सगळं बापाचं.
बावीस पाव चढवले, रहाट फिरवला,
कप्पा वीतभर वर गेला
आणि त्याची दातखीळ बसली.
वर नाही, खाली नाही.
मी पहार लावली. लोहाराचा पोरगा साखळीला लोंबकळला.
आत बावीस पाव
पोटऱ्यांपर्यंत कोळसा होत गेले, वास गल्लीभर.
देओलिंदा काही बोलली नाही.
तिनं झडप 'शेजारीण'वर ओढली आणि घरी गेली.

रात्री दोनच्या सुमाराला, सगळं निवल्यावर,
कप्पा आपणहून खाली आला.
धाडकन.
कुत्री भुंकली, तीन खिडक्यांत दिवे लागले,
मी अंथरुणात उठून बसलो आणि तेवढ्यात कळलं:
मी थंड लोखंडाचं माप घेतलं होतं.
तापल्यावर तुला किती जागा लागेल,
हे त्याला विचारलंच नव्हतं.

माणसांचीही मापं मी अशीच घेत आलो असेन.
पण ते नंतर. आधी कानस.

दोन्ही कडांना बोटभर फट सोडली.
थंडीत कप्पा खुळखुळतो, लोक हसतात: सैल काम.
हसू देत.

दुसऱ्या जाळाला मी तापमापकही बसवला होता,
तबकडीचा, एव्होराहून आणलेला.
तिनं त्याच्याकडे पाठ केली, मूठ भरली, फेकली.
ओठ हलू लागले.
मी काट्याकडे बघत राहिलो, ती पिठाकडे.
"आमेन," ती म्हणाली.
काटा दोनशे तीसवर होता.

मग डाव्या हातानं तिनं रहाट फिरवला,
आणि तापलेला कप्पा
फटीत आपली जागा शोधत, सावकाश,
तिच्या कमरेपाशी येऊन थांबला.
ती वाकली नाही. तिला वाकावं लागलं नाही.

"साखळी करकरते," म्हणाली.
"डुकराची चरबी लाव."