कोड नव्व्याण्णव

प्रश्न क्रमांक सदतीस:
काल दिवसभरात तुम्ही विश्रांती किती मिनिटं घेतली?

जनता वसाहतीच्या चढावर, नळापासून तिसरं दार.
शालन धेंडे मेथी निवडत होती.
तिनं मलाच विचारलं,
विश्रांतीत काय काय धरायचं?
पोरगं झोपलं, त्याच्या तोंडावरच्या माशा वारत बसले, ते धरायचं?
मी पुस्तिका उघडली. ते संगोपन.
आन् वारता वारता माझाच डोळा लागला तर?
पुस्तिकेत त्याचं काही नव्हतं.
पान उलटलं, पुन्हा मागं आले,
चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं, नव्व्याण्णव.
म्हणजे, सांगता येत नाही.

बाराशे घरं केली आम्ही पाच जणींनी त्या उन्हाळ्यात.
येरवडा, लोहियानगर, एरंडवणं,
कात्रजच्या वरच्या अंगाला,
जिथं स्कूटी बंद करून ढकलावी लागते.
कुणी ताक दिलं. कुणी दारातूनच म्हणालं, रेशनकार्डाचं आहे का?
नसेल तर जा.
एकीचा नवरा आत होता,
तिनं तोंडानं एक सांगितलं आणि डोळ्यांनी दुसरं.
डोळ्यांना कोड नसतो. तिथंही नव्व्याण्णव.

संस्थेच्या तळघरात इब्राहिम तांबोळी आकडे भरतो,
डब्यातली पोळी डाव्या हातानं, उजवा हात कळपाटीवर.
जूनमध्ये तो आठवडाभर रजेवर होता
आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर, वाकणकर मॅडमच्या पडद्यावर,
चढावरच्या बायका सुखी झाल्या.
त्यांची विश्रांती एरंडवण्याच्या पुढं गेली.
मॅडम उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या.
वीस वर्षांचं गृहीतक मोडलं म्हणाल्या,
आणि त्यांच्या आवाजात भीती होती की आनंद,
मला कळलं नाही.
परदेशी पाठवायच्या निबंधाला नाव सुद्धा सुचलं.

सोमवारी तांबोळी आला. चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला.
मॅडम, ही मिनिटं नाहीत.
ही गप्प बसलेली माणसं आहेत,
मशीननं त्यांची बेरीज केलीय.

चोपन्न ओळी काढल्या.
पाव सेकंदात
सगळ्या बायका पुन्हा दमल्या.

निबंध दिवाळीनंतर छापून आला.
आभारात आम्ही पाच जणी, शेवटून दुसऱ्या ओळीत, माझं आडनाव चुकलेलं.
त्यात खोटं काही नाही, हे मी शपथेवर सांगेन.
वगळलं, आणि वगळलं असं लिहिलंही,
तक्ता तीनच्या खाली, मुंगीच्या अक्षरात:
चोपन्न निरीक्षणे विश्लेषणातून वगळली आहेत.
त्यातली अकरा माझी.
मला घरं आठवतात. एका दाराला जुन्या साडीचा पडदा होता, जांभळा,
आणि आत कुणीतरी बराच वेळ खोकत होतं.

पुढच्या फेरीला गेले तेव्हा छापील कागद घेऊनच गेले.
शालननं हात पुसले, कागद उजेडात धरला,
उलटा, मग सुलटा.
यात मी कुठंय?
मी तिला तक्त्याच्या कोपऱ्यातली खूण दाखवली.
ही तर चांदणी, ती म्हणाली.
हो. जे मोजता आलं नाही, त्याला चांदणी देतात.
ती हसली, मग हसायची थांबली.
चोपन्न जणी म्हणतेस, आन् चांदणी एकच?
दाटीवाटी झाली असंल.

तिनं चहा टाकला. मी नवी प्रश्नावली काढली.
सदतीसावा प्रश्न आता बदललाय,
त्याला अ, ब, क असे पोटप्रश्न आहेत,
ड मध्ये, इतर असल्यास लिहा,
आणि पुढं दीड इंच रेघ.

पोरगं शाळेत गेलेलं. माशा होत्याच.
ती भिंतीला टेकली. मीही टेकले.
खाली सिंहगड रस्त्याची वाहनं कुठंतरी अडकून हॉर्न देत होती
आणि आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मुलाखत सुरू झाल्याची वेळ: चार वाजून दहा मिनिटे.
संपल्याची वेळ लिहायची राहून गेली.
तांबोळी विचारील.