हुशार

पालकसभा संपली, शिपायानं खुर्च्या रचल्या,
तरी मगदूम वहिनी दाराशी थांबलेल्या.
मोबाईल पुढं केला.
"बाई, ह्यात लिहिलंय,
वर्गात कंटाळणारं मूल बुद्धिमान असू शकतं.
आमचा पार्श्व तर पहिलीपासून कंटाळतोय."
आवाजात तक्रार होती,
आणि तक्रारीच्या खाली
पदराआड पेढ्यांचा पुडा धरावा
तसं काहीतरी.

मी म्हटलं, असेल.

असेलही.
परवा लसावि शिकवत होते
आणि तो खिडकीबाहेर.
समोरच्या भिंतीवर चपलांचे तळ वाळत घातलेले;
सुभाषनगरात ऊन पडलं की भिंती पायांनी भरतात.
काय बघतोस रे, म्हणून ओरडले.
"बाई, सत्तेचाळीस आहेत.
म्हणजे एकाला जोड नाही."
वर्ग हसला.
मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, लक्ष देत नाही.
बावीस वर्षं हेच तीन शब्द,
पेन आता मला न विचारता वळतं.

सिद्धू गवळीही कंटाळतो.
तिसऱ्या बाकावर, जबडा निखळेल अशी जांभई.
त्याच्या आईनं असलं काही वाचलेलं नाही,
ती सभेला येत नाही,
सभेची वेळ तीच धारेची वेळ.
एकदा त्याला उभं करून विचारलं, कंटाळा येतो?
"कट्टाळा न्हवं बाई. झोप."

पहाटे चारला उठतो.
बापाबरोबर म्हशी घेऊन गंगावेशीत,
बाप धार काढतो, हा रेडकू धरून उभा,
गिऱ्हाइकाच्या पेल्यातला फेस खाली बसेस्तोवर
सुट्टे मोजतो.
तुम्हाला वाटेल, तिथं त्याचा हिशेब पक्का असेल.
नाही. माझ्या वजाबाकीत चुकतो तसाच
कट्ट्यावरही चुकतो, बापाचा मार खातो.
साधा मुलगा आहे.
साध्या मुलाच्या जांभईवर
कुणी काही लिहीत नाही.

लहानपणी आमच्या पेठेत एक गस्तवाला फिरायचा,
रात्री दोनला काठी आपटत
हुश्शाऽऽर! हुश्शाऽऽर!
मला वाटायचं, तो कुणाचं तरी कौतुक करतोय.
अर्थ एवढाच होता, जागे राहा.
त्या अर्थानं माझ्या वर्गात
सगळ्यात हुशार कोण
हे मगदूम वहिनींना कसं सांगू?

आणि एक गोष्ट सभेत बोलता येत नाही.
मलाही येतो.
बावीस वर्षं त्याच दोन घंटा,
एक दर सहा मिनिटांनी, एक दर आठ,
चोविसाव्या मिनिटाला एकत्र वाजणाऱ्या.
पस्तीस मिनिटांच्या तासात
त्या एकदाच भेटतात,
आणि तेव्हाही मी फळा पुसत असते.
माझ्या गोपनीय अहवालात मुख्याध्यापक लिहितात,
समाधानकारक.

येतो म्हणतो आपण कंटाळ्याला,
कुणी आणत नाही.
बाकाबाकावर टेकतो,
एकाला खिडकीपर्यंत नेऊन सोडतो,
एकाच्या डोळ्यांवर हात ठेवतो,
एकीच्या हातात खडू देतो
आणि म्हणतो, चालू द्या.

वहिनींना शेवटी म्हटलं,
त्याला पुढचं पुस्तक देते, बघू.
त्या खूश झाल्या. मीही झाले, थोडी.
सिद्धूला काय देऊ ते सुचलं नाही.
दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्याची मान पडली
तेव्हा आवाज जरा खाली घेतला, इतकंच.
घंटा मात्र चोवीसवर वाजवल्या.

मधल्या सुट्टीत त्या भिंतीपाशी गेले.
मोजायला लागले.
एकोणचाळीसवर आले असेन,
आतून कारागिरानं मान वर करून विचारलं,
"बाई, पायाचा नंबर किती?"

सांगितला.
आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.