अस्तर

नातूबागेच्या कोपऱ्यावर आमचं ड्रेपरीचं दुकान,
आठ बाय बाराचं.
एका दांडीवर तेरा मावळे, चार वासुदेव,
आणि यमराज एकच, त्यालाही कसर लागलेली.

फडतरे बाई त्याला घेऊन आल्या
तेव्हा तो उंबऱ्यावरच थांबला,
हँगर मोजून म्हणाला,
"एकशे अठरा. एक रिकामा."
चाळीस वर्षं दुकानात बसून मला हे माहीत नव्हतं.

ओजस दांगट, सातवी ब.
धायरीहून दोन बस बदलून येणारा.
"त्याला हात लावायचा नाही," बाई हळूच म्हणाल्या,
"बाकी सगळं चालतं."
आता हात न लावता माप कसं घ्यायचं?
टेप त्याच्याकडेच दिली.
सोनं तोलावं तसं त्यानं स्वतःला मोजलं:
छाती सव्वीस, बाही सतरा,
मग दोन भुवयांमधली जागा,
मग न विचारता माझं टेबलसुद्धा.
मी सगळं वहीत लिहिलं.

पहारेकरी होता तो. दोनच वाक्यं.
"कोण आहे तिकडे?"
आणि उत्तर आलं की, "मग आत या."
महिनाभर हेच विचारत हिंडला,
स्वारगेटच्या कंडक्टरला, जिन्यातल्या मांजराला,
प्रार्थनेच्या रांगेत पुढच्याच्या मानेला.
मुलं आधी हसली.
मग कंटाळली.
मग कधीतरी, त्यांच्याही नकळत,
उत्तरं द्यायला लागली:
"मी रे. डबा खातोय."

अंगरखा दोनदा परत आला.
गळ्याशी जर टोचते, तो किंचाळतो, काढून फेकतो.
तिसऱ्यांदा मी आईचं जुनं लुगडं काढलं,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं,
आणि आतून अस्तर लावलं, टाके बाहेरच्या अंगाला.
त्यानं गाल घासून पाहिला.
बोलला काहीच नाही. घातला.

स्पर्धेच्या दिवशी मी विंगेत, ओठांत सुई.
उजवीकडून वाटसरू यायचा.
वाटसरू म्हणजे इरा बेलसरे,
तिचं पागोटं पडद्याच्या दोरीत अडकलेलं.
"कोण आहे तिकडे?"
कुणी नाही.
"कोण आहे तिकडे?"
खाली परीक्षकांची पेन्सिल वाजली.
तिसऱ्यांदा आवाज तोच,
पण बोटं मांडीवर फडफडायला लागली, भाला कलला,
आणि ते नाटकातलं विचारणं राहिलं नाही.

तेव्हा विंगेतून
राणी, दोन्ही चोर, म्हातारी,
पडदा ओढणारा गायखेंचा मुलगा,
सगळे एकदम, संहितेत कुठेच नसलेलं:
"आम्ही आहोत!"

तो थांबला.
किती आवाज ते मोजलं असणार त्यानं.
"मग आत या."

आणि आले ना!
चौथ्या प्रवेशातली माणसं पहिल्यातच रंगमंचावर.
नाटकाचं पार वाटोळं.
बक्षीस कसलं, उत्तेजनार्थसुद्धा नाही.

परवा त्यावरचा सिनेमा पाहिला, कोथरूडला, दुपारचा खेळ.
सिनेमात ढाल मिळते.
मुलं त्याला खांद्यावर घेतात, आई छातीशी कवटाळते,
मागे व्हायोलिनंच व्हायोलिनं.
शेजारची बाई रडत होती.
मीही रडले, खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवशी कुणी गळ्यात पडलं नव्हतं.
मेकअपच्या खोलीत तो बाकावर बसलेला,
आणि पोरं त्याच्या भोवती,
चारी बाजूंनी हातभर जागा सोडून,
वडापाव खात, एकमेकांना शिव्या देत.
ते हातभर त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
तेवढं एक माप वहीत लिहायचं राहिलं.

सिनेमावाल्यांनी अंगरखा माझ्याकडूनच नेला होता.
परत आला तेव्हा उलटा करून पाहिला.
जर नवी, बंद बदललेले,
अस्तर होतं तसंच. कॅमेऱ्याला ते दिसत नाही.
पावती फाडली: दिवसाचे दोनशे दहा, धुलाई वेगळी.
अस्तराचे पैसे मी कधीच लावले नाहीत.