डावा बूट

तीन वर्षं उर्मास म्हणजे एक काळा चौकोन,
मधोमध पांढरा यू.
कॅमेरा बंद, माइक बंद,
सांगायचं ते टाइप करायचा, तेही मोजकं.
आम्ही त्याला कधीच शिष्ट ठरवून मोकळे झालो होतो.

टार्टूच्या स्टेशनवर आम्हाला घ्यायला आला
तेव्हा आधी कळली त्याची उंची.
चौकोनात उंची कुठे दिसते कुणाची?
इफुनान्या माझ्या खांद्याला लागते, हे मला तिथे कळलं;
मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने हसते ती, म्हणून
मी तिला दारातून वाकून येणारी समजत होते.

उर्मासने हात पुढे केला.
"त्... त्..."
आणि थांबला.
आम्ही चौघं सामान धरून
त्या अर्ध्या अक्षराच्या अलीकडे उभे.
"तेरे," म्हणाला शेवटी. म्हणजे नमस्कार.
मला माझाच जुना मेसेज आठवला:
'एकदाचं तोंडाने बोलून का नाही टाकत तू?'
पुढे हसरा पिवळा चेहरा.

मग रीलिकाबाईंची शिट्टी.
टी-शर्ट वाटले, सगळे एकाच मापाचे,
माझा गुडघ्यापर्यंत, उर्मासचा बेंबीपर्यंत.
कच्च्या स्पॅगेटीचा मनोरा झाला, पडला.
मग डोळे मिटून मागे पडायचं,
सहकारी झेलतात, असा खेळ.
आयतोर म्हणाला, मागे पडण्यात आपला हात कोण धरेल,
तीन आठवडे पडलेलोच आहोत.

दुसऱ्या दिवशी दलदल.
पायांना जाळीच्या रुंद चपट्या बांधून
आम्ही बदकांसारखे शेवाळावरून फताफता चाललो.
कमरेएवढे पाइन. उर्मास म्हणे शंभर वर्षांचे.
काळ्या डबक्यांत ढग.
कुठल्याशा झुडपाचा उग्र वास, डोकं चढवणारा.
जमीन पायाखाली श्वास घेतल्यासारखी खालीवर.

झिव्कोला फोटो हवा होता.
पट्टा सुटला, आणि डावा पाय मांडीपर्यंत आत.
तोच झिव्को, जो मीटिंगमध्ये
कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाही.

उर्मास शेवाळावर पालथा पडला, काठी पुढे केली.
"ह्... ह्... ह्..."
झिव्को त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.
बुडणाऱ्या माणसाने एखाद्या शब्दाची
इतकी वाट पाहिलेली मी पाहिली नाही.
"ह्... हलू नकोस."
वाक्य संपेस्तोवर तो हललाच नव्हता,
म्हणजे वाक्याचं काम
वाक्याच्या आधीच झालं होतं.

पाय आला. बूट नाही आला.

रात्री सौनाच्या पायरीवर, लाल तोंडांनी, बिअर.
सगळ्यांचे फोन एकदम वाजले.
समोरच बसलेल्या उर्मासने लिहिलं होतं:
'पीटमध्ये काही कुजत नाही.
हजार वर्षांनी काढला तरी बूट जसाच्या तसा.'
इफुनान्या इतकी हसली की पलीकडचं कुत्रं भुंकलं.
"अरे, म्हणजे आपल्याकडे
एक तरी चालणारा बॅकअप आहे!"

झिव्को सोफियाला परतला
उजव्या पायात बूट, डाव्यात उर्मासच्या वडिलांची रबरी सपात.
खर्चाच्या अर्जात लिहिलं: बूट, डावा, नग एक.
हिशेब विभागाने विचारलं, उजव्याचं काय केलंत?
रीलिकाबाईंचा फॉर्म आला:
संघभावना वाढली का, एक ते पाच.
मी अजून भरलेला नाही.

सोमवारी पुन्हा चौकोन.
काळा, मधोमध यू.
अकरा वाजून सहा मिनिटांनी
त्याच्या माइकवरची लाल रेघ गेली.
आत किटली खदखदत होती.
पूर्वी लगेच कुणीतरी म्हणालं असतं,
उर्मास, तुझा माइक चालू राहिलाय.

"म्... म्..."

आयतोरने टाइप करणं थांबवलं.
झिव्को हलला नाही.