घाट बंद असताना

तिसरा दिवस. घाटातला रस्ता बंद.
रेडिओवरची बाई तेच वाक्य
रोज थोड्या वेगळ्या दिलगिरीनं वाचते.
खिडकी अर्धी पुरली गेलीय,
वरच्या अर्ध्यातून पाल्मीचा दिवा दिसतो.
मध्ये चाळीस पावलं आणि खांद्याएवढा बर्फ.

म्हणून फोन.
"आउस्लाउग, मध कधी..."
"नासत नाही. ऐकलंय. कॉफी तुझ्यावर."

सांगितलेलं पुन्हा सांगेल त्यानं कॉफी पाजायची,
रस्ता उघडला की.
हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर:
त्याचे अकरा कप, माझे चार.

केळं म्हणे बेरी असतं, स्ट्रॉबेरी नसते.
दुकानात दोन्ही संपलीत, भांडायचं कशाला?
वॉम्बॅटच्या लेंड्या फाशांसारख्या चौकोनी,
हे त्यानं नेमकं मी जेवताना सांगितलं;
माशाचं सार तसंच ओरपलं मी.
शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षाहून मोठा.
"मग आपण शुक्रावरच राहतो," मी म्हटलं
आणि तो हसला, खोकला लागेपर्यंत.
रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो;
इथे न्हावी दोन, आणि भिंतीही दोघांच्या वेगळ्या.

शाळेत छाती फुगवून शिकलो होतो:
आइसलँडमध्ये डास नाही.
पाहुण्यांना मी वर्षानुवर्षं हेच ऐकवलं.
मग एका शरदात तीन सापडले,
दोन माद्या, एक नर.
"बिचारा," पाल्मी म्हणाला.
नर की देश, ते बोलला नाही.

आज फोन उशिरा आला.
"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."
"बारा कप."
"थांब गं. पुढचं ऐक.
पोहताना त्यातलं एक बंद पडतं.
म्हणून तो शक्यतो पोहत नाही,
तळाशी सरपटत राहतो."

मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास,
रेक्याविकच्या डॉक्टरांनी टाके घालून परत दिलेला.

"गोळ्या किती उरल्यात?"
"एका दिवसाच्या."
"शुक्रावरच्या की इथल्या?"

या वेळी तो हसला नाही.
मी बचाव पथकाला फोन लावला.
वारा पडू दे, म्हणाले, बर्फगाडी निघेल.
वारा काही पडेना.
मी बूट चढवले, फावडं घेतलं.
बारापैकी एक कप आजच वसूल करायचा होता.

पहिल्या तासात
सहा पावलं झाली.