तळाकडची माणसं

वाद्यं आधी आत येतात, माणसं मागून.
फूक्येची कॉन्ट्राबास क्लॅरिनेट पाववाल्याच्या तीनचाकीतून,
कांबळ्यात गुंडाळलेली, मान तेवढी बाहेर,
आजारी कालवड डॉक्टरकडे निघावी तशी.
हिदचा सर्पंट: अक्रोडाचं लाकूड, वर काळं कातडं,
साप खरा, पण पोट बिघडलेला.
भोकं बोटं पोचणार नाहीत अशाच जागी पाडलेली.
"हा वाजत नाही," हिद म्हणतो, "याची समजूत काढावी लागते."
चाळीस वर्षं टपाल वाटलंय त्याने.
कुत्र्यांच्या समजुती काढल्यात.

हार्लिंगन. समुद्राच्या बांधाला पाठ लावून बसलेली
बंद पडलेली डेअरी, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार.
आम्ही नऊ जण. एके काळी चौदा होतो.

मी कॉन्ट्राबसून. एकतीस वर्षं वाद्यवृंदात, मागच्या रांगेत.
माझ्या कागदावर सुरांपेक्षा आकडेच जास्त:
बावन्न मापं गप्प. मग अठ्ठ्याऐंशी गप्प.
मग एक खर्ज, तोही व्हायोलिनं रडत असताना.
घर बघायला आलेला माणूस
जोत्याकडे कशाला बघेल?
भेगाळलं तरच.
इथे सगळेच जोतं, वर घर नाही.
"मग राहता कुठे?" येल्मरच्या बायकोने एकदा विचारलं होतं.
येल्मर अजून विचार करतोय.

सुरुवात केली की आधी ऐकू असं काही येत नाही.
तावदानं थरथरतात. चमचे बशीतून सरकायला लागतात.
मग बाकाच्या फळीतून मांड्यांत,
मांड्यांतून बेंबीपाशी,
कानाला बातमी सगळ्यात शेवटी.
बांधावरच्या मेंढ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहतात.
दाद देत नाहीत.
जातही नाहीत.

वॉबेने यंदा सारुसोफोन आणला
आणि पेटी उघडलीच नाही.

आमच्या सगळ्यांच्या गळत्या त्यानेच काढलेल्या.
खोलीतले दिवे घालवायचा, नळीत एक बारीक दिवा सोडायचा,
जिथून उजेड गळतो, तिथून वाराही.
मग गादी आणि भोक यांच्यामध्ये
सिगारेटचा कागद धरून ओढायचा,
अलगद सुटून आला तर आमच्याकडे असा बघायचा
की आम्हीच कुठेतरी चिरलोय.
स्वतः जन्मात सिगारेट ओढली नाही.

ऑगस्टात डॉक्टरांनी
त्याच्या छातीचं चित्र उजेडावर धरलं.
"बघताक्षणी कळलं," तो म्हणाला, कॉफी ढवळत ढवळत,
"या मापाच्या गाद्या बाजारात मिळत नाहीत."
कोणी हसलं नाही.
मग फूक्ये हसली, तेव्हा कुठे त्याने कॉफी प्यायली.

शेवटच्या पानावरचा सगळ्यात खालचा सूर त्याचा.
सोळा मापं. तो एकटा धरायचा,
आणि मध्ये श्वास कुठे घेतो
हे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघूनही
कधी सापडलं नाही.
यंदा तो सूर फूक्येने आणि मी वाटून घेतला.
तिचा दम सरायच्या आत मी खालून हात लावायचा,
माझा सरायच्या आत तिने.
ओझं जिन्यावरून उतरवताना करतात तसं,
पण न बोलता.

वाजवलं. पाचव्या मापाला ती, नवव्याला मी.
तेराव्याला पुन्हा ती.
नळीत साठलेलं पाणी शेवटी गुरगुरलं थोडं, पण सूर पडला नाही.
बाहेर एक मेंढी खोकली.
मला वाटलं, जमलं.

वॉबेचे डोळे मिटलेले, तळवे दोन्ही बाकाच्या फळीवर.
बराच वेळ तो तसाच बसून राहिला,
आपल्याला कितीही वेळ आहे अशा थाटात.
मग त्याने एक बोट वर केलं.

"नवव्याला," तो म्हणाला, आणि थांबून दम खाल्ला.
"तिच्या आणि तुझ्या मध्ये.
कागद जाईल एवढी फट आहे."

हिदने पानं उलटी फिरवली.
आम्ही पहिल्यापासून घेतलं.